स्टेडियम बघून आलात, तालीम राहिली

ग्रीसला जाऊन आलेल्या कुणाही ओळखीच्या माणसाच्या घरी जा. चहा यायच्या आत तो तुम्हाला एक फोटो दाखवणार. प्राचीन ऑलिंपियाचं स्टेडियम, जमिनीत बसवलेली दगडी पट्टी, पट्टीवरच्या खाचेत पायाची बोटं आणि हा गृहस्थ पोट सांभाळत धावायच्या पवित्र्यात वाकलेला! माझाही असा फोटो आहे, तेव्हा इतरांना हसण्याचा मला अधिकार नाही. आणि तक्रार फोटोबद्दल नाहीच. तो फोटो काढायच्या घाईत आपण जे मागे टाकून जातो, त्याबद्दल आहे.

क्लादेओस नावाची एक लहानशी नदी आहे. पूल ओलांडून अवशेषांत शिरलं की उजव्या हाताला सगळ्यात आधी लागतं ते जिम्नासिओन आणि त्याला लागून पालेस्त्रा. जिम्नासिओन म्हणजे धावणं, भालाफेक, थाळीफेक यांच्या सरावाची लांबलचक जागा. पालेस्त्रा म्हणजे कुस्ती, मुष्टियुद्ध आणि उडीची तालीम. आमच्या गाईडबाईंनी चालता चालता हात केला, "इथे खेळाडू प्रॅक्टिस करायचे", आणि सगळा जथा पुढे. फिडियासने ज्यूसची मूर्ती जिथे घडवली ती कार्यशाळा, ज्यूसचं देऊळ, हेराचं देऊळ, मग तो कमानदार बोगदा आणि बोगद्यापलीकडे स्टेडियम. तिथे मात्र अर्धा तास! दोघा-तिघांनी तर शर्यतही लावली.

मी फोटोचं कर्तव्य उरकून मागे फिरलो. एप्रिलचा महिना होता. पालेस्त्राच्या खांबांमधून जांभळ्या-गुलाबी फुलांची झाडं फुललेली होती, बिनपानांच्या फांद्यांना नुसती फुलंच फुलं. आत कुणी नव्हतं.

जागा काही प्रचंड नाही. सगळी मिळून सुमारे ६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. मध्ये चौकोनी अंगण, वर उघडं आभाळ. अंगणाच्या चारी बाजूंनी ओवऱ्या, त्यांना एकूण ७२ डोरिक खांब होते. आज त्यातले काही पुन्हा उभे केले आहेत. ओवऱ्यांच्या मागे खोल्यांची रांग. आपलं चौसोपी घर डोळ्यांपुढे आणा, मधला चौक मोठा करा आणि त्या चौकात तुळशीऐवजी मल्ल उतरवा, म्हणजे अंदाज येईल. (फोंड्याकडचं जुनं घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तर काही वेगळं सांगायलाच नको.)

या खोल्या कशासाठी असत? पालेस्त्राची रचना कशी असावी ते विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथात सविस्तर लिहून ठेवलं आहे. एक खोली अंगाला तेल लावायची, एक अंगावर धूळ घ्यायची, एक लटकत्या पोत्यावर ठोसे मारायची, एक थंड पाण्याने आंघोळीची. तेल ऑलिव्हचं. आधी तेल, त्यावर बारीक माती, मग कसरत, आणि शेवटी ब्राँझच्या वाकड्या खरवडणीने तेल-घाम-माती सगळं अंगावरून निपटून काढायचं. आपल्या तालमीतला हौदा, त्यातली तेल-हळद-ताक घालून मुरवलेली लाल माती आठवते की नाही? मातीचं आणि तेलाचं नातं दोन्हीकडच्या पहिलवानांना सारखंच कळलेलं होतं.

पण विट्रुव्हियसच्या यादीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. तो सांगतो, तीन बाजूंच्या ओवऱ्यांना लागून ऐसपैस दालनं ठेवा, त्यांत बाकं ठेवा, म्हणजे तत्त्वज्ञ, वक्ते आणि ज्यांना विद्येत गोडी आहे अशा माणसांना तिथे बसून चर्चा करता येईल. तालमीत! घामाच्या वासात! ऑलिंपियाच्या पालेस्त्रातही भिंतीकडेने बाकं असलेल्या खोल्या सापडल्या आहेत. मी अशाच एका खोलीच्या जोत्यापाशी उभा होतो आणि मनात विचार आला तो थेट पणजीच्या लिसेवचा.

आता म्हणाल, हा कुठून कुठे पोचला? पण लिसेवची वाट खरोखरच इथूनच जाते. अथेन्स शहराच्या वेशीबाहेर तीन मोठी जिम्नासिओनं होती. अकादमी, लिकेओन आणि किनोसार्गेस. पहिल्याच्या परिसरात प्लेटोने शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्यात इ. स. पू. ३३५ च्या सुमारास अॅरिस्टॉटलने आपली शाळा मांडली. सॉक्रेटिस तर या तालमींमध्येच पडीक असायचा, प्लेटोचे 'लिसिस' आणि 'खार्मिडीस' हे संवाद चक्क पालेस्त्रामध्ये घडतात. त्या लिकेओनचं लॅटिनमध्ये लिसेयम झालं, पोर्तुगीजांनी त्याचं लिसेव केलं, आणि १८५४ साली ते नाव गोव्याच्या राजधानीत येऊन बसलं. आमच्या आजोबांच्या पिढीतले किती लोक "मी लिसेवांत शिकलों" असं ताठ मानेने सांगत! त्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं की आपण एका तालमीचं नाव मिरवतो आहोत?

याहून गंमत पालेस्त्रा या शब्दाची. पोर्तुगीज जाणणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, 'पालेस्त्रा' म्हणजे काय. तो सांगेल, व्याख्यान. इटालियन माणसाला विचारलंत तर म्हणेल, व्यायामशाळा. जर्मनीत 'गिम्नाझिउम' म्हणजे हायस्कूल, खुद्द आजच्या ग्रीसमध्येही 'जिम्नासिओ' म्हणजे माध्यमिक शाळा, आणि आपल्याकडे 'जिम' म्हणजे काचेच्या भिंतीमागे, कानात वायरी घालून पट्ट्यावर धावण्याची जागा. मूळ ग्रीक शब्दात 'गिम्नोस' म्हणजे उघडा, नागवा. उघड्या अंगाने कसरत करायची ती जागा. शब्द एक, पण त्याची वाटणी झाली. शाळेने डोकं घेतलं आणि जिमने दंड.

आता आपल्या 'तालीम'कडे या. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. उर्दूत, हिंदीत आजही तोच अर्थ. मराठीने तो शब्द घेतला आणि कुस्तीच्या जागेला दिला. ग्रीकांचा व्यायामाचा शब्द शाळेत जाऊन बसला आणि अरबांचा शाळेचा शब्द आमच्या लाल मातीत उतरला! आणि तेवढ्यावर न थांबता मराठीने तो नाटकालाही दिला. गोव्यातल्या माणसाला तर तालीम म्हटली की आधी देवळाच्या मंडपातली नाटकाची तालीमच आठवते. जत्रेच्या आधी महिना-दोन महिने रात्री जेवणं आटोपून जमणारी मंडळी, कंदिलाच्या उजेडात चाललेली पदांची उजळणी, "परत म्हण" म्हणून ओरडणारे मास्तर. शरीर घडवणं, विद्या घेणं आणि नाटक बसवणं या तिन्हींना आमच्या भाषेने एकच शब्द ठेवला. ज्या भाषेला एवढं कळलं होतं ती बोलणाऱ्यांना आज ते कळत नाही, हे माझं दुखणं आहे.

बरं, परत ऑलिंपियाला जाऊ. मुख्य मुद्दा तिथेच आहे.

ज्या स्टेडियमपुढे आपण एवढे भारावून जातो त्यात काय आहे? माती. दोन दगडी पट्ट्या, त्यांच्यामधलं अंतर १९२ मीटरच्या थोडं वर. बाजूला गवताचे उतार. सुमारे ४५,००० माणसं त्या उतारांवर मावत, पण त्यांच्यासाठी एकही दगडी बाक नाही! पंचांसाठी थोडी आसनं आणि समोर देमेतर देवीची वेदी, एवढंच बांधकाम. बाकी अवघ्या ग्रीक जगातून आलेला प्रेक्षक उन्हात मातीवर बसे, नाहीतर उभा राही. माशांचा उपद्रव एवढा की 'माशा हाकलणारा ज्यूस' म्हणून तिथे देवाला वेगळा बळी देत. आणि पिण्याच्या पाण्याची धड सोय झाली कधी? हेरोदेस अॅटिकस नावाच्या गर्भश्रीमंत माणसाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाणी आणून कारंजं बांधलं तेव्हा. परंपरेप्रमाणे पहिल्या स्पर्धा इ. स. पू. ७७६ च्या. म्हणजे नऊशे वर्षं प्रेक्षकांनी कळ काढली.

आणि खेळाडूंसाठी? नदीकाठी स्नानगृह आणि पोहायचा तलाव इ. स. पू. पाचव्या शतकातच झाला होता. तिसऱ्या शतकात ७२ खांबांची ही पालेस्त्रा आली. दुसऱ्या शतकात शेजारचं जिम्नासिओन आलं आणि त्यात स्टेडियमच्याच लांबीची एक छप्पर घातलेली धावपट्टी! पावसात, उन्हात सराव थांबू नये म्हणून. सरावाला छप्पर, स्पर्धेला आभाळ. बघणाऱ्याला माती, शिकणाऱ्याला खांब. पैसा कुठे खर्च करायचा याचा हिशेब याहून स्वच्छ कुणी लिहून ठेवलेला मी तरी पाहिलेला नाही.

कुणी म्हणेल, पालेस्त्रा तरी कुठे पहिल्या दिवसापासून होती, ती तर पाचशे वर्षांनी आली! मान्य. त्याआधी पोरं उघड्यावरच घुमत होती. पण तालीम बांधून झाल्यावरही स्टेडियमला बाकं आली नाहीत हे ध्यानात घ्या. सरावाचं महत्त्वही नुसतं इमारतीत नव्हतं. पाउसानियास या प्रवाशाने नोंदवलं आहे की खेळाडूंना ज्यूसच्या मूर्तीपुढे, रानडुकराच्या मांसावर हात ठेवून शपथ घ्यावी लागे की आम्ही सलग दहा महिने नियमाने सराव केलेला आहे. शिवाय स्पर्धेआधी एलिस गावी पंचांच्या डोळ्यांदेखत सराव व्हायचा तो वेगळाच. पंचांनासुद्धा दहा महिने आपल्या कामाचं शिक्षण घ्यावं लागे. आपल्याकडे स्पर्धेच्या आदल्या दिवशी पंचाला फोन जातो.

हे सगळं लिहिताना मी ग्रीकांची आरती ओवाळतो आहे असं वाटू देऊ नका. त्या अंगणात कोण उतरू शकत होतं? स्वतंत्र नागरिकांची पोरं. गुलामाने तेल लावून पालेस्त्रात कसरत करायची नाही, असा सोलोनचाच कायदा सांगतात. मॅसिडोनियातल्या बेरोइया गावी जिम्नासिओनच्या नियमांचा एक शिलालेख सापडला आहे, इ. स. पू. दुसऱ्या शतकातला. त्यात कुणाला आत घ्यायचं नाही त्याची यादीच आहे. गुलाम, मुक्त केलेले गुलाम, त्यांची मुलं, बाजारात धंदा करणारे, दारू प्यालेले, वेडे. गुलाम आणि दारुडा एकाच पंगतीला! तेलाच्या बुधल्या वाहायला, खरवडणी हातात द्यायला मात्र गुलाम चालत. बायका स्पार्टा सोडली तर जवळजवळ नाहीतच. अथेन्सचं किनोसार्गेस हे तिसरं जिम्नासिओन ज्यांच्या आईबापांपैकी एकजण परका, अशा 'अर्धवट' अथेन्सकरांसाठी ठेवलेलं. थेमिस्टोक्लीस त्यातलाच. त्याने खानदानी घरांतल्या पोरांना गोड बोलून आपल्या तालमीत यायला लावलं अशी गोष्ट प्लुटार्क सांगतो, आणि मला ती फार आवडते.

आणि हो, आमच्या तालमींनी तरी काय दिवे लावले होते? हौद्यात बाईने पाय ठेवायचा नाही हा नियम कुठल्या शिलालेखावर कोरायची गरजही आम्हांला भासली नाही. तेव्हा 'प्राचीन ग्रीसमध्ये किंवा प्राचीन भारतात सगळं आलबेल होतं' हे भाषण मला नको आहे. मशालीचीच गोष्ट घ्या. दर ऑलिंपिकला हेराच्या देवळासमोर आरशाने ज्योत पेटवतात, पांढऱ्या वस्त्रांतल्या पुजारणी, सगळं कसं दोन-अडीच हजार वर्षांचं वाटतं. तो मशालदौड नावाचा प्रकार १९३६ चा आहे, बर्लिन ऑलिंपिकसाठी कार्ल डीम या जर्मन संघटकाने काढलेला, हिटलरच्या राजवटीत. (त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपले देशी व्यायामप्रकार दाखवायला गेलं होतं. एक तालीम जगापुढे गेली ती अशा मांडवात, काय करणार!) दिखाऊ भाग नवा असतो आणि त्याला प्राचीन म्हणून खपवतात. जे खरंच जुनं ते बिनफोटोचं उभं राहतं.

आमच्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं ते वाक्यही असंच, निरोगी शरीरात निरोगी मन वगैरे. लोक ते बिनदिक्कत ग्रीकांच्या नावावर खपवतात. ते युवेनाल या रोमन उपहासकवीचं आहे, आणि देवाकडे काय मागावं याबद्दल तो बोलतो आहे. त्या भिंतीच्या आत पी. टी.चा तास गणिताच्या बाई 'पोर्शन राहिला' म्हणून घेतात. मुलं खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत बसतात. भिंतीवरचं वाक्य दर वर्षी नव्याने रंगवलं जातं.

आता स्टेडियमवाल्यांकडे वळतो. २००४ साली ऑलिंपिक घरी आलं तेव्हा ग्रीकांनी गोळाफेक याच जुन्या ऑलिंपियात भरवली, आणि त्या मातीत बायकाही उतरल्या. हे त्यांनी फार चांगलं केलं. पण अथेन्समध्ये बांधलेली कितीतरी नवी मैदानं पुढे वर्षानुवर्षं ओस पडली, गवत वाढलं, कुंपणं गंजली. पूर्वजांचा हिशेब घरात असून त्यांनी वाचला नाही. मग आपण कोण लागून गेलो? आमच्याकडे २०१४ साली पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनी स्पर्धा झाल्या. मग राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. त्या कितीदा पुढे ढकलल्या ते आठवायलाही नको, अखेर ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये पार पडल्या. मल्लखांबही त्यात होता, आनंद आहे. आता अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने २०२४ मध्येच इरादापत्र दिलं आहे. आसनसंख्येचे आकडे पुन्हा वर्तमानपत्रांत येणार. अमुक हजार आसनं, तमुक हजार दिवे. मला कुणीतरी खांबांचा आकडा सांगा. म्हणजे तालमीच्या.

कारण माणसं स्टेडियममधून तयार झालेली नाहीत. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि १९ वा आला. त्याच्यामागे कुठलं स्टेडियम होतं? १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरची माती आणि कोल्हापूरची तालीम यांतून तो माणूस घडला, आणि त्याला हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. कॉलेजच्या प्राचार्याने पहिलवानासाठी घर गहाण टाकणं म्हणजे विट्रुव्हियसची बाकं आणि अंगण यांच्यामधली भिंत पडणं. ऑलिंपियात मी ती बाकांची जोती बघत होतो तेव्हा मला खर्डेकरच आठवले.

आपल्या नाटकांचंही तेच होत चाललं आहे, पण त्यावर वेगळं लिहीन. मंडप मोठा, ध्वनिव्यवस्था दणदणीत, आणि तालमी चार. मास्तर म्हणतात, पोरांना वेळ नाही. असो.

हे वाचून कुणाला ग्रीसला जावंसं वाटलं तर एवढं करा. ऑलिंपियात शिरल्या शिरल्या उजवीकडे वळा, फोटोची जागा कुठे पळून जात नाही. अथेन्समध्ये अॅक्रोपोलिस झाल्यावर एक सकाळ लिकेओनला द्या. १९९६ साली एका संग्रहालयासाठी पाया खणताना ही जागा सापडली, २०१४ पासून ती लोकांसाठी खुली आहे. नुसती जोती आणि न्हाणीघरांचे अवशेष आहेत, बघायला म्हणाल तर विशेष काही नाही. पणजीतल्या जुन्या लिसेवकरांच्या नातवंडांनी तरी तिथे जाऊन यावंच.

आणि इथे, आपल्या तालुक्यात पुढचं क्रीडासंकुल जाहीर होईल तेव्हा फलक, कोनशिला, आसनं यांचं कौतुक इतरांना करू द्या. तुम्ही उभे राहून एवढंच विचारा. पहाटे साडेपाचला याचं कुलूप कोण उघडणार? शिकवणारा वस्ताद पगारी असणार की उद्घाटनापुरता? पावसाच्या चार महिन्यांत पोरं कुठे धावणार? आणि ज्या वाड्यावरची पोरं इथे येणार नाहीत असं सगळ्यांनी मनात धरलं आहे, त्यांच्या मुलींना आत घेणार की नाही?